पुढच्या खोलीतला पियानो

कूम हेलिग
६ ऑक्टोबर १९५७

टेग्वेन,

अक्षर ओळखलंस ना? मग फाडायच्या आधी एवढंच वाच : आई जिवंत आहे. बाकीचं चहा पिता पिता वाचलंस तरी चालेल, आणि नाही वाचलंस तर मला कळणारही नाही.

प्रश्न पियानोचा आहे, म्हणून तुला विचारतेय. पियानोतलं आपल्या घरात तुझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं आणि अजूनही कळत नाही. तू ब्लॅकपूलच्या कुठल्याशा हॉटेलात दुपारच्या चहाच्या वेळी वाजवतेस हे आम्हाला ठाऊक आहे. शेजारच्या प्रोबर्टबाईंचा जावई तिकडे सुट्टीला गेला होता, त्याने येऊन सांगितलं, तेही आईच्या समोर. आई म्हणाली, "चहा तरी गरम देतात का तिथे?" आणि पुन्हा विणायला लागली.

डॉक्टरांनी आईला जिना बंद केलाय. हृदय थकलंय म्हणतात. म्हणजे तिचा पलंग खाली, पुढच्या खोलीत आणायचा. पुढच्या खोलीत पलंग उतरला की आपल्या गल्लीत त्याचा काय अर्थ काढतात, ते तुला सांगायला नको. लोक तब्येत विचारायला येतात आणि शवपेटी दारातून वळेल का ते नजरेने मोजून जातात. आईलाही ते पक्कं माहीत आहे. ती म्हणाली, "उतरते मी. पण बैठकीची खोली बैठकीचीच दिसली पाहिजे. औषधाच्या बाटल्या शेकोटीवरच्या फळीवर मांडलेल्या मला चालणार नाहीत. मरायचंच असेल तर नीट सजवलेल्या खोलीत मरेन."

तर आता खोली सजवायची आहे, आणि ती मला सजवायची आहे. मी कापडाच्या दुकानात वीस वर्षं दुसऱ्यांच्या खोल्यांचे पडदे कापतेय. रोज रात्री डोळे मिटले की आपली पुढची खोली मनातल्या मनात मांडते आणि सकाळी मागच्या दाराने कामाला जाते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला म्हणालंय की मांड.

पण पियानो आडवा येतो. तो अजून शेकोटीला खेटून उभा आहे, बाबांनी ठेवला तिथेच. पलंग आत आला की एकतर तो राहील नाहीतर माणसं. प्रोबर्टबाई म्हणाल्या, "चॅपेलच्या मुलांना देऊन टाका की. वाजवतंय कोण इथे?" आई म्हणाली, "तो खिडकी काढून आत आलाय. पुन्हा खिडकी काढायला माझ्याकडे वेळ नाही." खिडकी काढायला वेळ कितीसा लागतो?

कुठल्या भिंतीला ठेवू, एवढंच कळव. तुला ये म्हणत नाहीये.

मॉर्विथ


२० ऑक्टोबर

टेग्वेन,

कार्ड मिळालं. समुद्र, मनोरा, आणि मागे तुझी वाक्यं : "आतल्या भिंतीला. शेकोटीपासून लांब, खिडकीपासूनही लांब. टे." सावकारसुद्धा याहून मायेने लिहितो. पण मी ते दहादा वाचलं, आता तू कितीही हसलीस तरी चालेल.

पियानो हलला. चॅपेलच्या गाण्यातले चौघे आले होते, दोन वरच्या पट्टीचे, दोन खालच्या. भांडलेसुद्धा पट्टीत. "उचल रे!" "मी उचललाय, तू सोड!" "मी सोडला तर तुझ्या पायावर येईल!" आई जिन्याच्या खालच्या पायरीवर शाल गुंडाळून बसली होती आणि तिथून हुकूम सोडत होती. "त्याला गोणीसारखं नका धरू, त्याला कान आहेत," म्हणाली. आता तो स्वयंपाकघराच्या भिंतीला उभा आहे. मी चुलीशी असले आणि कुणी पियानो वाजवला तर मला भिंतीतून ऐकू येईल. वाजवणारं कुणी नाही, पण येईल.

आणि टेग्वेन, त्याच्या मागची भिंत! पियानो आला त्या वर्षीचा कागद तिथे तसाच्या तसा आहे. बाकी सगळी भिंत चहाच्या रंगाची झालीय आणि तेवढ्याच जागी फिकट हिरवी पानं, ओली वाटावीत अशी. आपण लहान असताना ही सबंध खोली अशी होती का गं? मला आठवतच नाही. आपल्याला आत येऊ देत होतं कोण. दाराच्या फटीतून थोडं हिरवं दिसायचं आणि मेणाचा वास यायचा. मी कितीतरी वेळ उभी राहिले, चौघांचा चहा गार झाला.

मी ठरवलं, सगळी खोली त्या हिरव्याची करायची. दुकानातून पडद्याचं कापड आणलं, ओढ्याकाठच्या विलोच्या झाडाचं पान उलटं केलं की दिसतो तसा रंग. आई म्हणाली, "पडदे लाल. दाट लाल." मी म्हणाले, "हिरवे." "मरतंय कोण?" म्हणाली. या एका वाक्यापुढे कुणाचं चालणार? पण शेवटी पडदे हिरवे झाले आणि तिच्या पलंगावरची चादर लाल. आता ती पाकळ्यांत बसल्यासारखी बसते आणि माझ्यावर डोळे वटारते.

शेकोटीवरची फळी मात्र तिने कुणाला हात लावू दिली नाही. पलंगावरून बोट दाखवायचं, मी मांडायचं. मधोमध बाबांचा खाणीतला दिवा. दोन्ही बाजूंना पितळी मेणबत्तीदाण्या. आणि दोन टोकांना चिनी मातीचे दोन कुत्रे. तुला आठवत असेल, ते एकमेकांकडे तोंड करून बसायचे. पण तू गेलीस त्या आठवड्यात आईने आतल्या टोकाचा कुत्रा फिरवून ठेवला, दुसऱ्याकडे पाठ, तोंड स्वयंपाकघराकडे, तिथल्या मागच्या दाराकडे. धूळ पुसून मी तो सरळ ठेवायची, दुसऱ्या दिवशी तो फिरलेला असायचा. या खेपेला मी म्हणाले, "आई, जोडी आहे ती, समोरासमोर बसू दे की." ती म्हणाली, "त्याला पुढच्या खिडकीतला वारा बाधतो. राहू दे तसा." मातीच्या कुत्र्याला वारा बाधतो म्हणे. तर आता दोघंही आमच्या स्वयंपाकघराकडेच टक लावून बसलेत, जसं काही मी खीमा परततेय.

पियानोवर मी फुलदाणी ठेवली नाही. तू असतीस तर काढून टाकली असतीस.

मॉर्विथ


३ नोव्हेंबर

टेग्वेन,

आज तुला हसवायचं ठरवलंय. हसली नाहीस तर तुझं नशीब.

आईसाठी पुढच्या खोलीत रोज शेकोटी पेटवायची असं डॉक्टर म्हणाले. मी सोमवारी सकाळी पेटवली आणि कामावर गेले. माझ्या डोक्यातच आलं नाही की आपल्या गल्लीत पुढच्या धुराड्यातून धूर कधी निघतो. नाताळला, पाद्रीसाहेब आले तर, नाहीतर घरात कुणी गेलं तर. सोमवारी नाताळ नव्हता आणि पाद्रीसाहेब दात काढायला गेलेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं मला आईनेच सांगितलं : दुपारपर्यंत चार बायका काळ्या टोप्या घालून मागच्या दारात हजर. प्रोबर्टबाई सगळ्यांच्या पुढे, हातात उकडलेल्या हॅमचं ताट, डोळ्यांत पाणी. आत येता येताच हुंदका देऊन म्हणाल्या, "कधी गेली गं ती?"

आई पलंगावरून म्हणाली, "अजून तरी कुठे नाही. ते हॅम इकडे आण, बेथान. माझ्या मयतीला तुम्हीच खाणार, मला मिळायचं नाही. आत्ताच खाते."

आणि खाल्लं. चौघीजणी टोप्या काढून पुढच्या खोलीत बसल्या, चहा प्यायल्या, आणि पडद्यांची तारीफ केली. प्रोबर्टबाई आईला म्हणाल्या, "गेनोर, खोली अशी दिसतेय की मला माझं आजारपण आजच हवंसं वाटतंय." आईला इतकं बरं वाटलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही. संध्याकाळी मी आले तर खोलीत शेकोटीचा उजेड, हिरवे पडदे, आणि आई झोपेत हसत होती.

पण पियानो कुरकुरायला लागलाय. रोजच्या उबेने लाकूड कडकड वाजतं, अर्ध्या झोपेत वाटतं की कुणीतरी झाकण उघडतंय. मधल्या दोन पट्ट्या दाबल्या की तशाच बसून राहतात. सांग काय करू.

आता तुला आवडणार नाही ते लिहिते, नाहीतर हे पत्र खोटं होईल.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. बाबांना घेऊन पुरुष दफनभूमीकडे गेले होते आणि आपण बायका रिवाजाप्रमाणे घरीच, पडदे ओढलेले, पाव कापत. तू पुढच्या खोलीत गेलीस आणि पियानो उघडलास. भजन वाजवलं असतंस तर सगळ्या रडल्या असत्या आणि संपलं असतं. तू बाबांचा वाल्ट्झ वाजवलास, नाचाची धून, तीच, खाणीवरून येताना मागच्या गल्लीत शिटीवर घालायचे ती. शिटी आधी यायची आणि मागून काळेकुट्ट बाबा. सबंध चॅपेलच्या बायकांसमोर आईने झाकण खाली आपटलं आणि म्हणाली, "लाज नसेल तर जा. पुढच्या दाराने जा." तू गेलीस, बाबांची पेटी ज्या दाराने गेली होती त्याच दाराने, तासाभराच्या अंतराने. मी पावाची सुरी हातात धरून उभीच राहिले.

तुझं चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. आईचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. घरात एकाच दिवशी दोन माणसं कमी झाली, एवढंच मला कळलं.

हे आज का लिहितेय? कारण काल आई शेकोटीकडे बघत तो वाल्ट्झ गुणगुणत होती. मी दारात थांबले. मध्येच थांबून ती म्हणाली, "टेग्वेनने दुसरा भाग चुकीचा वाजवला होता. तो तिथे वर जात नाही, खाली येतो."

एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा तिने तुझं नाव घेतलं, आणि तेही चूक काढायला. म्हणजे सगळं ठीक आहे असं मी समजते.

मॉर्विथ


१७ नोव्हेंबर

टेग्वेन,

तुझं दुसरं कार्ड वाचून दाखवलं : "पियानोच्या खालच्या फळीमागे पाण्याने भरलेली बरणी ठेव. उबेने लाकूड सुकतं. पाणी कमी झालं की भरत जा." आई म्हणाली, "घ्या! त्याला तहान लागली होती आणि मला वाटत होतं म्हातारा झाला." जॅमची मोठी बरणी ठेवली. दोन दिवसांत कुरकुर थांबली. कार्डाखाली तू अजून एक ओळ लिहून खोडली आहेस. मी ते दिव्यासमोर धरलं, तरी वाचता आलं नाही.

आता खोली पुरी झाली. बाबांच्या खुर्चीला उरलेल्या हिरव्या कापडाचा अभ्रा शिवला. फळीवरच्या पितळी मेणबत्तीदाण्या अशा घासल्यात की त्यांत शेकोटी दुसऱ्यांदा पेटलेली दिसते. संध्याकाळी दिवा न लावता मी आईच्या पायथ्याशी बसते. बाहेर डोंगर धुक्यात गेलेला असतो, खाणीचा भोंगा दूरवरून येतो, पियानोच्या काळ्या लाकडात जाळ हळूहळू हलतो, आणि त्या लाकडात मला कुणीतरी बसलेलं दिसतं. मग मला कळतं, ही खोली मी आईसाठी मांडलेलीच नाही. मी पियानोपुढची ती एक जागा मोकळी ठेवली आणि बाकी सगळं तिच्याभोवती रचत गेले.

आई खाली खाली चाललीय. जिना नव्हे, आता उशीवरून उठणंसुद्धा कठीण जातं. डॉक्टर माझ्याशी दारात बोलतात, आत नाही. म्हणून आता आडून आडून लिहीत नाही. ये. पियानोसाठी ये, माझ्यासाठी ये, तिच्याशी भांडायला ये, पण ती ऐकू शकतेय तोवर ये.

तुला मानाने घ्यायचं मी ठरवलंय. पुढचं दार बाबांच्या नंतर फुगून बसलं होतं. मी ते घासून मोकळं केलं, कुलपात तेल घातलं, पायरी दगडाने घासून पांढरी केली. ज्या दाराने तुला जायला सांगितलं त्याच दाराने तू आत यावंस, सबंध गल्लीच्या देखत. दार मी स्वतः उघडेन.

पायरी घासताना आईने आतून विचारलं, "कोण येतंय? पाद्रीसाहेब?"

मी म्हणाले, "नाही."

"मग पेटी जाणार आहे का कुणाची?"

"नाही गं आई."

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला राग आला की रडू, मला सांगता येत नाही. पण मी पायरी घासायची थांबले नाही.

मॉर्विथ


२३ नोव्हेंबर, शनिवार

टेग्वेन,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तू भिंतीपलीकडे आहेस आणि मी चुलीपाशी बसून तुला लिहितेय. वेडेपणा आहे, पण तुला लिहायची सवय लागली आणि समोर काही बोलताच येत नाहीये.

सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तुझी तार "शनिवारी दुपारी" एवढंच म्हणत होती. मी चांगला झगा घालून दाराच्या आत उभी होते. तू दार वाजवलंस. मी किल्ली फिरवणार तोच आई आतून कडाडली. कुठून आणला तिने तो आवाज, देव जाणे.

"मॉर्विथ! ते दार उघडायचं नाही!"

वाटलं, संपलं. एवढी खोली मांडली, एवढी पायरी घासली, आणि ही बाई आजही तिला हाकलणार.

मी आत धावले. आई कोपरावर उठून बसली होती, लाल चादर जमिनीवर, आणि हिरवा पडदा तिने स्वतःच्या हाताने बाजूला सारला होता. काचेच्या पलीकडे तू, तुझी टोपी, हातात बॅग, आणि चेहरा पांढराफटक. आईने खिडकीवर बोटाची पेरं वाजवली आणि ओरडली, गल्लीच्या त्या टोकापर्यंत ऐकू जावं असं :

"त्या दाराने परके येतात! तू काय पाहुणी आहेस? मागून ये, गल्ली फिरून! पोरगी मोठी झाली तरी तिला घरात कुठून यायचं कळत नाही!"

मग उशीवर पडली आणि धापा टाकत मला म्हणाली, "त्या दिवशी मी तिला त्या दाराने जा म्हणाले. घरच्या माणसाला असं कुणी म्हणतं का? आता बघत काय बसलीस? मागची कडी काढ."

मी कडी काढली. आपल्या ओळीतली सगळी घरं ओलांडून, वळसा घालून, कोळशाच्या चिखलातून यायला तुला जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात मला काय काय वाटलं ते मी लिहीत नाही. तू परत स्टेशनवर गेली असशील असंसुद्धा वाटलं. आणि मग गल्लीतून शिटी ऐकू आली. बाबांचा वाल्ट्झ. तू वाजवत होतीस गं, ओठांनी, रडत रडत, अर्धे सूर नुसती हवाच. पुढच्या खोलीतून आई म्हणाली, "आली."

तू चिखलाचे बूट चुलीपाशी काढलेस, जसे तू रोज काढायचीस, आणि मला ओलांडून आत गेलीस. मी मागे आले नाही. तुम्ही दोघी काय बोललात ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणार नाही. फळीवरचा तो आतल्या टोकाचा कुत्रा मात्र मी नंतर पाहिला. कुणीतरी तो फिरवून दुसऱ्याच्या समोर बसवलाय.

आता तू वाजवतेयस. दुसरा भाग आला. आई म्हणतेय, "वर नाही, खाली. खाली ये. तुझे बाबा तिथे प्रोबर्टांच्या भिंतीपाशी पोहोचायचे, तिथे दम कमी पडायचा त्यांना, म्हणून खाली यायचे." आणि तू हसतेयस. पुन्हा वाजवतेयस, आणि आता तो खाली आला.

मागच्या दारात कुणीतरी आलंय. प्रोबर्टबाई, काळी टोपी तिरकी, रिकाम्या हाताने, धावत आलेल्या. धुराड्यातून त्यांना पियानो ऐकू गेला, बाबांच्या मयतीनंतर एकोणीस वर्षांनी, आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट आली.

"मॉर्विथ," त्या कुजबुजल्या, "कोण गेलं गं?"

आतून आईनेच उत्तर दिलं, पियानोच्या वर आवाज काढून.

"गेलं नाही कोणी, बेथान. आलंय. ये आत, आणि बूट काढून ये."